सीमा सममित आहे, म्हणून किमान ऊर्जेचा मॅपही सममितच?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही भरीव एकक गोलाकडून गोलपृष्ठाकडे जाणारे हार्मोनिक मॅप घेतलेत, म्हणजे ज्यांना किंचित हलवलं तरी ऊर्जा (मॅप किती ताणला जातो त्याचं माप) पहिल्या क्रमात बदलत नाही असे मॅप. लक्ष्य एक मिती वरचं आहे, म्हणजे गोल त्रिमितीतला आणि तो न्यायचाय चतुर्मितीतल्या एकक गोलपृष्ठावर. सीमेवरची अट अशी, की गोलाच्या पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू लक्ष्याच्या विषुववृत्तावर जसाच्या तसा बसला पाहिजे. अट पूर्ण सममित आहे, म्हणून तुम्ही उत्तरही सममित धरलंत. त्यामुळे अवघड समीकरणाचं एका चलाचं साधं समीकरण झालं आणि त्याचं एक उत्तर लगेच हाती आलं: केंद्र सोडून प्रत्येक बिंदू त्रिज्येच्या दिशेने सरळ बाहेर ढकलायचा आणि विषुववृत्तावर बसवायचा. याला विषुववृत्त मॅप म्हणू. गाईडनी विचारलं, "हा किमान ऊर्जेचा आहे हे कशावरून?" तुमचं म्हणणं असं, की ऊर्जा सममित, सीमा सममित, मग किमान उत्तर सममित असणारच. पुस्तकातही 'बाय सिमेट्री' एवढंच म्हणून पुढे गेलेत. तर गाईड उगाच अडवतायत का?

नाही, त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या उदाहरणात तो मॅप किमान ऊर्जेचा नाहीच. गोल तीन मितींचा असेल तर नाही, चार, पाच, सहा मितींचा असेल तरी नाही. सातपासून पुढे मात्र आहे! रत्नागिरीत पदव्युत्तर वर्गाला कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स शिकवताना हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवतो, कारण 'बाय सिमेट्री' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे दावे लपलेले असतात आणि त्यातला एकच जवळजवळ फुकट मिळतो.

फुकट मिळणारा दावा हा: सममित मॅपला फक्त सममित दिशांनी किंचित हलवून पाहिलं आणि ऊर्जा पहिल्या क्रमात बदलली नाही, तर कुठल्याही दिशेने हलवलं तरी ती पहिल्या क्रमात बदलत नाही. कारण समजायला सोपं आहे. मॅप सममित असल्यामुळे एखाद्या वेड्यावाकड्या दिशेने होणारा ऊर्जेचा पहिला बदल आणि ती दिशा फिरवून घेतल्यावर होणारा बदल सारखाच असतो. मग सगळ्या फिरवलेल्या दिशांची सरासरी घ्या. बदल तेवढाच राहतो, पण सरासरी दिशा आता सममित झाली, आणि तिथे तर बदल शून्य आहे. रिचर्ड पॅले यांनी १९७९ मध्ये हे तत्त्व नेमकेपणाने मांडलं आणि ते कुठे लागू पडत नाही याचीही उदाहरणं दिली. फिरवण्यांचा समूह कॉम्पॅक्ट (ढोबळमानाने, बंदिस्त आणि अनंतापर्यंत न पसरणारा) असावा लागतो, कारण त्याशिवाय सरासरीला अर्थ नाही. तुमचा समूह कॉम्पॅक्ट आहे. केंद्रात मॅप तुटतो ही एक अडचण दिसते, पण तीन आणि अधिक मितींत त्याची ऊर्जा सांत राहते आणि वर दिलेली सरासरीची युक्ती थेट वापरता येते. म्हणजे तुमचा विषुववृत्त मॅप समीकरणाचं खरंखुरं उत्तर आहे. तिथे तुमचं काही चुकलेलं नाही.

दुसरा दावा, की तो सममित मॅपांमध्ये किमान आहे. तिसरा, की तो सगळ्या मॅपांमध्ये किमान आहे. हे दोन्ही वेगळे सिद्ध करावे लागतात, आणि गाईड विचारतायत ते याबद्दल.

मग सममितीवरून किमानाकडे सरळ उडी मारायची सवय आपल्याला लागते कुठून? ती कॉन्व्हेक्स प्रश्नांतून येते. लक्ष्य सपाट जागा असेल, म्हणजे मॅपच्या किमती साध्या संख्या किंवा व्हेक्टर असतील, तर कुठलाही किमान मॅप घ्या, तो सगळीकडून फिरवा आणि सगळ्यांची सरासरी काढा. कॉन्व्हेक्स ऊर्जा सरासरीवर वाढत नाही, म्हणून सरासरीही किमान आणि ती सममित. ऊर्जा काटेकोर कॉन्व्हेक्स असेल तर किमान मॅप एकच असतो, म्हणजे तो सममित असण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. तुम्ही बी.एस्सी.ला सोडवलेली बहुतेक उदाहरणं या जातीची असतात. गोलपृष्ठावर मात्र सरासरी काढताच येत नाही. उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव यांची सरासरी गोलाच्या पोटात जाते, पृष्ठावर राहत नाही. सगळी मेख इथे आहे.

हा प्रकार हार्मोनिक मॅपपुरता नाही. समजा एखाद्या सपाट कातळसड्यावर चार वाड्या अगदी चौरसाच्या चार कोपऱ्यांवर आहेत, बाजू एक किलोमीटर, आणि चारही वाड्या पाण्याच्या पाइपने एकमेकींना जोडायच्या आहेत. पाइप कमीत कमी लागला पाहिजे. पहिली सुचते ती कर्णांची फुली: २√२, म्हणजे साधारण २.८३ किलोमीटर. पूर्ण सममित, देखणी. पण मधला चौक फोडून दोन तिठे केले, प्रत्येक तिठ्यावर तीन पाइप १२० अंशांनी भेटवले आणि दोन तिठ्यांमध्ये एक छोटा पाइप टाकला, तर लांबी १ + √३, म्हणजे साधारण २.७३ किलोमीटर होते. जवळजवळ शंभर मीटर पाइप वाचला. मधला छोटा पाइप पूर्व-पश्चिम टाका नाहीतर दक्षिणोत्तर, लांबी तीच. चौरस ९० अंशांनी फिरवला की एका आराखड्याचा दुसरा होतो. सममिती नाहीशी झाली नाही, ती दोन उत्तरांमध्ये वाटली गेली. फुलीच्या चौकातही चारही बाजूंची ओढ समतोल आहे, म्हणजे पहिल्या क्रमात तिथेही सगळं ठीकच दिसतं. तरी ती किमान नाही.

आता तुमचं उदाहरण. केंद्रापासूनच्या अंतराला र म्हणू, मितीला म, आणि लक्ष्याच्या उत्तर ध्रुवापासूनच्या कोनाला क. तुमच्या सममित मॅपमध्ये क फक्त र वर अवलंबून आहे. सीमेवर, म्हणजे र = १ असताना, क = π/२ हवा, आणि तुमचा विषुववृत्त मॅप म्हणजे सगळीकडे क = π/२. डिरिश्ले ऊर्जा, म्हणजे सगळ्या डेरिव्हेटिव्हच्या वर्गांच्या बेरजेचं निम्मं इंटिग्रल, तीन मितींत अशी होते: (क′² र² + २ साइन² क) याचं ० ते १ इंटिग्रल, गुणिले २π.

विषुववृत्त मॅपला क′ शून्य आणि साइन १, म्हणून ऊर्जा ४π, साधारण १२.५७.

आता अगदी बाळबोध स्पर्धक घ्या: क = (π/२) × र, म्हणजे केंद्र उत्तर ध्रुवावर आणि तिथून सीमेपर्यंत कोन सरळ वाढत जातो. पहिल्या पदाचं इंटिग्रल π²/१२, दुसऱ्याचं १. बेरीज १.८२, गुणिले २π, म्हणजे ११.४५. झालं! कागदाच्या अर्ध्या बाजूत विषुववृत्त मॅप हरला. याहून चांगला स्पर्धक हवा असेल तर स्टिरिओग्राफिक प्रोजेक्शन उलटं वापरा, क = २ आर्कटॅन र. ऊर्जा नेमकी ३π(π − २), म्हणजे १०.७६. हा मॅपसुद्धा तीन मितींत हार्मोनिक नाही, म्हणजे खरा किमान याच्याही खाली आहे. हे दोन्ही स्पर्धक फिरवण्याची सममिती पूर्ण पाळतात हे लक्षात घ्या. म्हणजे इथे तिसऱ्यापर्यंत जायलाच नको, दुसरा दावाच कोसळतो.

मग मोडली ती कुठली सममिती? आरशाची. तुमची सीमा विषुववृत्तावर आहे, त्यामुळे लक्ष्याचे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध आपसांत बदलले तरी सीमेला काही फरक पडत नाही. ही अदलाबदल पाळणारा मॅप विषुववृत्तातच राहायला हवा. आणि विषुववृत्तात राहणाऱ्या कुठल्याही मॅपची ऊर्जा या सीमेसाठी ४π च्या खाली जात नाही (हे पुढे सिद्ध करून दाखवतो). पण १०.७६ चा मॅप तर आपल्या हातात आहे. म्हणून किमान मॅप आरशाची सममिती पाळूच शकत नाही. तो जोडीनेच येणार, एक आणि त्याचं प्रतिबिंब. प्रोजेक्टमध्ये 'सममित' शब्द लिहिताना दर वेळी कुठल्या समूहाखाली सममित ते लिहा. लक्ष्यातली आणि मूळ गोलातली सममिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो.

सरळ रेषेचा स्पर्धक तीन मितींत जिंकला म्हणून तोच सगळीकडे चालेल असं समजू नका. चार मितींत तोच घेतला, आणि बाहेरचे समान गुणक सोडून दिले, तर विषुववृत्ताचे १.५० आणि सरळ रेषेचे १.६७. म्हणजे सरळ रेषा हरली. यावरून विषुववृत्त मॅप चार मितींत किमान आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चूक. एक स्पर्धक हरला एवढंच कळलं. स्पर्धकाने किमानपणा मोडता येतो, सिद्ध करता येत नाही.

म्हणून दुसरं व्हेरिएशन काढायचं. क = π/२ + एक छोटा फरक फ, आणि सीमेवर फ शून्य. ऊर्जेतला दुसऱ्या क्रमाचा बदल, धन गुणक सोडून, असा येतो: (फ′² − (म − १) फ²/र²) गुणिले र चा (म − १) वा घात, याचं ० ते १ इंटिग्रल. उणे चिन्ह येतं कारण विषुववृत्तावर साइन सर्वात मोठा असतो आणि तिथून कुठेही हललं की कमीच होतो. आता दोन पदांची रस्सीखेच आहे. तिचा निकाल हार्डीची असमता देते: फ′² चं इंटिग्रल हे फ²/र² च्या इंटिग्रलच्या निदान (म − २)²/४ पट असतंच, आणि हा गुणक याहून वाढवता येत नाही. म्हणून स्थिरतेची अट:

(म − २)²/४ ≥ म − १

तीन मितींत डावी बाजू ०.२५, उजवी २. सहा मितींत ४ आणि ५. सात मितींत ६.२५ आणि ६. सहाला पारडं एका बाजूला, सातला दुसऱ्या. समीकरण म² − ८म + ८ = ०, त्याचं मोठं मूळ ४ + २√२, म्हणजे ६.८३. वरवर पाहता कुठूनही आलेला वाटणारा सातचा आकडा एवढ्याशा वर्गसमीकरणातून येतो, आणि मला स्वतःला या विषयातली ही सर्वात सुंदर जागा वाटते. सात आणि पुढे मॅप नुसता स्थिर नाही, खरोखर किमान ऊर्जेचा आहे, हे विली येगर आणि हेल्मुट काउल यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलं. नुसत्या स्थिरतेवरून किमानपणा येत नाही, ते काम वेगळं आहे. प्रोजेक्टमध्ये ही दोन वाक्यं स्वतंत्र लिहा.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही भेटतो. र ऐवजी त्याचा लॉगॅरिदम घ्या, त्याला 'वेळ' माना, तर तुमचं एका चलाचं समीकरण घर्षण असलेल्या दोलकाचं होतं. क = π/२ ही त्याची विसाव्याची जागा. घर्षणाचा गुणक म − २, ओढीचा म − १. तीन ते सहा मितींत घर्षण कमी पडतं, दोलक विसाव्याच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे झुलत थांबतो, म्हणजे ध्रुवापासून निघालेलं गुळगुळीत उत्तर π/२ ओलांडतं आणि सीमेची अट गाठता येते. सात आणि पुढे घर्षण इतकं, की तो π/२ कडे सरकत राहतो पण कधीच पोचत नाही. गुळगुळीत सममित उत्तरच उरत नाही.

आपल्या किनाऱ्याचा एक संबंध इथे सांगावासा वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १९०७ मधला, गोव्यातल्या कोसबे गावचा. ते मुळात गणिती होते आणि १९३० च्या दशकात त्यांनी नेमकं यासारख्या प्रश्नावर काम केलं: डिफरन्शियल इक्वेशनच्या एका उत्तराशेजारची उत्तरं त्याच्याजवळ राहतात की दूर जातात, हे भूमितीच्या भाषेत कसं वाचायचं. आज तो सिद्धांत कोसंबी–कार्तां–चर्न या नावाने चालतो. तुमच्या समीकरणावर तो लावून पाहण्यासारखा आहे.

तुम्ही कॉम्प्युटरवरही पडताळणार असं लिहिलंय. त्यात दोन अडचणी येतात. पहिली, ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे ऊर्जा पायरीपायरीने उतरवत नेणारी पद्धत, सममित जागेवरून सुरू केला तर तो सममितच राहतो. विषुववृत्त मॅप दिलात तर तो हलणारच नाही, आणि ऊर्जा स्थिर झालेली पाहून वाटतं की किमान सापडला. सुरुवातीला थोडा यादृच्छिक धक्का द्यायलाच हवा. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. सहा मितींत ऊर्जा खाली नेणारा फरक फ असा असतो, की त्याला पसरायला बाहेरच्या त्रिज्येच्या तेवीसाव्या भागापेक्षाही आत जावं लागतं (तो आकडा म्हणजे e चा π वा घात, २३.१४). र च्या समान अंतरावर वीस-पंचवीस बिंदूंचा ग्रिड घेतला तर पहिल्या एका कप्प्यातच सगळी हकिगत संपते आणि अस्थिरता दिसत नाही. ग्रिड र च्या लॉगॅरिदमवर घ्या. आणि पावसाळ्यात चालवणार असाल तर थोड्या थोड्या फेऱ्यांनी निकाल सेव्ह करत जा, आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

आता उलट बाजू. सममिती नेहमीच हरते असाही समज नको. तुमचाच प्रश्न थोडा बदला: गोल त्रिमितीतला आणि लक्ष्य त्रिमितीतलंच गोलपृष्ठ, वर जादा मिती नाही. सीमेवर प्रत्येक बिंदू स्वतःच्याच जागी. आता केंद्रातून बाहेर ढकलणारा मॅप किमान ऊर्जेचा आहे, केंद्रात तुटलेला असूनही. हे ब्रेझिस, कोरॉन आणि लीब यांनी १९८६ मध्ये दाखवलं, आणि तीनपेक्षा जास्त सगळ्या मितींसाठी फांगहुआ लिन यांनी १९८७ मध्ये अतिशय छोट्या युक्तीने. ती युक्ती एम.एस्सी.च्या पातळीवर पूर्ण झेपते, म्हणून तीन मितींसाठी इथे देतो.

मॅपच्या डेरिव्हेटिव्हचं मॅट्रिक्स अ म्हणू. मॅपची लांबी नेहमी १, म्हणून डेरिव्हेटिव्ह मॅपला लंब असतो. अक्ष तसे निवडले तर अ ची एक ओळ पूर्ण शून्य. उरले दोन कर्णपद आणि इतर काही पदं. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग त्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त नसतो, एवढं वापरलं की दिसतं: अ च्या सर्व पदांच्या वर्गांची बेरीज ही (अ चा ट्रेस)² − (अ² चा ट्रेस) यापेक्षा कधीच कमी नसते (ट्रेस म्हणजे कर्णपदांची बेरीज). उजवी बाजू हा एका व्हेक्टरचा डायव्हर्जन्स आहे, म्हणजे तिचं इंटिग्रल फक्त सीमेवरच्या किमतींवर ठरतं. आत मॅप काहीही करो, ती संख्या बदलत नाही. आपल्या सीमेसाठी ती ८π येते. निम्मं केलं की ४π. म्हणजे या सीमेच्या कुठल्याही मॅपची ऊर्जा ४π च्या खाली जाऊ शकत नाही, आणि बाहेर ढकलणारा मॅप नेमकी ४π गाठतो. वर जे उधार ठेवलं होतं तेही यात फिटलं: तुमच्या मूळ प्रश्नात विषुववृत्तात कोंडलेले मॅप म्हणजे हेच मॅप.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. मॅप तोच, सीमा तीच, ऊर्जा तीच ४π. एका ठिकाणी किमान, दुसरीकडे नाही. फरक एवढाच, की दुसऱ्या लक्ष्यात ध्रुवाकडे सरकायला जागा आहे. म्हणून 'हा मॅप किमान आहे का' हा प्रश्न लक्ष्य सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

सममिती खात्रीने मिळते अशा परिस्थितीही आहेत, आणि त्या बऱ्याच आहेत. लक्ष्याची वक्रता कुठेही धन नसेल तर ऊर्जा जिओडेसिकच्या, म्हणजे लक्ष्यातल्या सर्वात सरळ रेषांच्या, वाटेने कॉन्व्हेक्स असते. एल्स आणि सॅम्पसन यांचं १९६४ चं अस्तित्वाचं काम आणि हार्टमन यांचं १९६७ चं एकमेवतेचं काम याच परिस्थितीतलं आहे. सीमा ठरलेली असेल आणि मॅप एकाच होमोटोपी वर्गातले (सलग बदलत एकाचा दुसरा करता येणारे) असतील तर किमान एकच, म्हणून सममित. लक्ष्य गोलपृष्ठ असलं तरी मॅप π/२ पेक्षा लहान त्रिज्येच्या टोपीत राहत असेल, म्हणजे उघड्या गोलार्धाच्या आत काटेकोर अंतर राखून, तरी एकमेवता टिकते. तुमची सीमा बरोबर π/२ वर, विषुववृत्तावर आहे. खात्री जिथे संपते त्या रेषेवरच तुमचं उदाहरण उभं आहे, आणि म्हणून ते इतकं बोलकं आहे.

त्यापलीकडे गेलं की बेतानेच बोलावं. त्रिमितीतल्या गोलाकडून द्विमितीय गोलपृष्ठाकडे जाणाऱ्या मॅपमध्येसुद्धा सीमेची सममिती किमान मॅपला मिळेलच असं नाही, हे आल्मग्रेन आणि लीब यांनी १९८८ मध्ये दाखवलं. हार्ट आणि लिन यांनी १९८६ मध्ये त्याहून चकित करणारं काही दाखवलं होतं: सीमा अशी, की तिच्यातून आत गुळगुळीत मॅप नेता येतो, आणि तरीही तुटलेले मॅप त्या सगळ्या गुळगुळीत मॅपांपेक्षा निश्चित कमी ऊर्जेचे. म्हणजे 'गुळगुळीत उत्तर आहे तर किमानही गुळगुळीत असेल' हा अंदाजसुद्धा 'बाय सिमेट्री'इतकाच कच्चा.

ऊर्जेचं सूत्र बदललं तरी निकाल बदलतो. लिक्विड क्रिस्टलच्या थेंबात रेणू पृष्ठाला लंब उभे राहिले की आत हाच बाहेर ढकलणारा मॅप तयार होतो. पण तिथल्या ओसीन–फ्रँक ऊर्जेत पसरणं, पिळणं आणि वाकणं यांचे तीन वेगळे स्थिरांक असतात. फ्रेडरिक एलँ यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की ८(पिळ − पसर) + वाक ही संख्या ऋण झाली तर तो मॅप अस्थिर होतो. तिन्ही स्थिरांक सारखे धरले की आपली डिरिश्ले ऊर्जा मिळते, संख्या धन राहते आणि मॅप टिकतो. पिळण्याला पसरण्यापेक्षा फारच कमी ऊर्जा लागत असेल तर रेणू पिळून मोकळे होतात. तुमच्या प्रोजेक्टला उपयोजनाचं प्रकरण हवं असेल तर हे घ्या.

प्रोजेक्टमध्ये काय बदलायचं, ते सांगतो. सममित गृहीतकाने समीकरण मिळवलंत तो भाग तसाच ठेवा आणि त्याखाली पॅले यांच्या तत्त्वाने ते खरं उत्तर असल्याचं एका परिच्छेदात लिहा. 'किमान' हा शब्द तिथून काढून 'हार्मोनिक' लिहा. पुढच्या प्रकरणात तीन मितींसाठी ११.४५ आणि १२.५७ ची तुलना पूर्ण इंटिग्रलसह द्या, तोंडी परीक्षेत तीच विचारतील. मग दुसरं व्हेरिएशन आणि हार्डीची असमता. असमतेची सिद्धताही द्या, वर्ग पूर्ण करून ती पाच-सहा ओळींत होते. सात मितींच्या किमानपणाची सिद्धता तुमच्या आवाक्याबाहेर नाही, पण वेळ कमी असेल तर येगर आणि काउल यांचा निकाल उद्धृत करून थांबलं तरी चालेल. लिन यांची युक्ती मात्र सोडू नका.

गाईड विचारतील, "तीन मितींतला खरा किमान मग कोणता?" उत्तर: ध्रुवापासून निघून सीमेवर पहिल्यांदा π/२ ला पोचणारं त्या दोलकाच्या समीकरणाचं उत्तर, आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब. त्याचं बंद सूत्र शोधत बसू नका. संख्यात्मक पद्धतीने काढा, ऊर्जा १०.७६ च्या खाली येते का पाहा. आली नाही, तर ग्रिडची मांडणी आणि सुरुवातीचा धक्का कसा दिलात ते इथे लिहा, मी पाहीन.